गोल्फ मैदानावरील संथ खेळ : दोष खेळाडूचा की व्यवस्थापनाचा?

कोपर्निकस मार्ग, नवी दिल्ली : येथून इंडिया गेटला वळसा घालून झाकीर हुसेन मार्गाने पुढे गेले की दिल्ली गोल्फ क्लबचे लोधी मैदान लागते. जुनी थडगी, मोर आणि दाट झुडपांमधून जाणारे अरुंद फेअरवे ही त्याची ओळख. झुडपात शिरलेला चेंडू सहजासहजी सापडत नाही आणि तो शोधण्यात मागच्या साऱ्यांचा वेळ जातो. संथ खेळ ही जगभरातील गोल्फची जुनी तक्रार आहे. राजधानीत मात्र तिला दिवसाच्या उजेडाचेही गणित जोडलेले आहे.

डिसेंबरअखेरीस दिल्लीचा दिवस जेमतेम सव्वादहा तासांचा असतो. त्यातही सकाळ अनेकदा धुक्यात जाते. अठरा होलची फेरी चार तासांत संपली तर कॅडीला दिवसात दोन फेऱ्या मिळू शकतात. तीच फेरी साडेपाच तासांवर गेली तर दुसरी अंधारात बुडते. फेरीगणिक मोबदला घेणाऱ्याची निम्मी कमाई त्यासोबत जाते. कुतुब गोल्फ कोर्ससारख्या दिल्ली विकास प्राधिकरणाच्या सार्वजनिक मैदानावर शुल्क भरून येणाऱ्या नागरिकालाही याची झळ पोहोचते.

नियमांची उणीव नाही. 2019 च्या सुधारित नियमांनी चेंडू शोधण्याची मुदत पाच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आणली, एका फटक्यासाठी 40 सेकंद पुरेसे मानले आणि जो तयार असेल त्याने आधी खेळावे, या पद्धतीला उत्तेजन दिले. हरवलेल्या चेंडूसाठी मूळ जागी परत न जाता दोन फटक्यांचा दंड स्वीकारून पुढे खेळू देणारा स्थानिक नियमही क्लबांना उपलब्ध झाला. झुडपांनी वेढलेल्या मैदानांसाठी तो विशेष उपयुक्त आहे.

तरीही केवळ खेळाडूला दोष देणे अपुरे ठरते. समजा, आखूड अशा पार-थ्री होलवर चौघांच्या गटाला दहा मिनिटे लागतात आणि स्टार्टर दर आठ मिनिटांनी नवा गट सोडतो. अशा वेळी प्रत्येक गटामागे दोन मिनिटांची थकबाकी साचते. अकराव्या गटाला वीस मिनिटे ताटकळावे लागते आणि त्यात कोणाचाही आळस नसतो. जादा गट सोडून वाढवलेला महसूल अशा रीतीने खेळाडूंच्या वेळेतून वसूल होतो. गटांमधील अंतर वाढवणे, मधूनमधून एखादी वेळ मोकळी ठेवणे आणि फेअरवेलगतचे गवत आखूड राखणे हे उपाय व्यवस्थापनाच्याच हाती आहेत.

खरी अडचण अंमलबजावणीची आहे. मैदानावर फिरणारा मार्शल हा पगारी कर्मचारी, तर रेंगाळणारा खेळाडू बहुधा प्रतिष्ठित सभासद. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी? व्यावसायिक गोल्फही या संकोचातून सुटलेले नाही. 2013 च्या मास्टर्स स्पर्धेत संथ खेळाबद्दल एका फटक्याचा दंड झाला तो ग्वान तियानलांग या चौदा वर्षांच्या चिनी मुलाला. धिम्या गतीबद्दल बदनाम असलेले मोठे खेळाडू मात्र बहुतेक वेळा इशाऱ्यावर सुटत आले, ही टीका तेव्हा सर्वत्र झाली.

महिलांच्या एलपीजीए टूरने 2025 मध्ये वेगळी वाट धरली. ठरलेल्या वेळेपेक्षा 1 ते 5 सेकंद अधिक घेतल्यास आर्थिक दंड, 6 ते 15 सेकंदांसाठी एक फटका आणि त्याहून अधिक विलंबासाठी दोन फटके, अशी श्रेणी तिने लागू केली. शिक्षा आधीच ठरलेली असली की पंचाला माणूस पाहून निर्णय घ्यावा लागत नाही.

क्लबांना फटक्यांच्या दंडाची गरज नसेलही. मागे पडलेल्या गटाने पुढचा होल सोडून द्यावा, हा साधा नियम पदाधिकाऱ्यांपासून सर्वांना सारखा लागू केला तरी पुष्कळ साधेल. राजधानीत ही मैदाने शहराच्या मोजक्या मोकळ्या जमिनीवर उभी आहेत. तेथील वेळेचे वाटप न्याय्य असावे, ही अपेक्षा म्हणूनच केवळ खेळापुरती उरत नाही.