शृंगार किती आणि कशासाठी?



लग्नसराई सुरू झाली, अथवा कॉलेजातील स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले, म्हणजे आपल्या घराघरांतून एक कुरबुर ऐकू येऊ लागते. सतरा-अठरा वर्षांची मुलगी आरशापुढे उभी असते. डोळ्यांत काजळ, चेहऱ्यावर पावडर आणि ओठांना थोडा रंग लावून ती निघण्याच्या तयारीत असते. आई म्हणते, "पुरे झाले." आजी म्हणते, "आमच्या वेळी असली थेरं नव्हती." बाप त्या वेळी काही बोलत नाही; परंतु रात्री निजानीज झाल्यावर पत्नीला म्हणतो, "पोरगी नटू लागली. आता स्थळ पाहायला हवे."

मुलींच्या शृंगारासारख्या क्षुल्लक विषयावर अग्रलेख कशाला, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर हे की, विषय क्षुल्लक असेल. पण बापाचे ते शेवटचे वाक्य क्षुल्लक नाही. त्या एका वाक्याने बारावीची परीक्षा अर्ध्यावर राहते आणि पदवीचे स्वप्न चुलीपुढे जळून जाते. म्हणून ह्या विषयाचा शांतपणे विचार करणे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.

पहिला प्रश्न धम्माचा. नटणे हे धम्माविरुद्ध आहे काय? गृहस्थाने नित्य पाळावयाच्या पंचशीलांत शृंगाराचा निषेध कोठेही नाही. माला, गंध, विलेपन आणि अलंकार यांचा त्याग सांगितला आहे तो उपोसथाच्या दिवशी घ्यावयाच्या अष्टशीलांत. तो त्याग एका दिवसाचा आणि स्वेच्छेचा आहे. मन आवरण्याचा तो अभ्यास आहे, मुलीला धाकात ठेवण्याचे ते साधन नव्हे. उलट सिगालोवाद सुत्तात पतीची जी पाच कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत पत्नीला अलंकार देणे हेही एक आहे. आणि तिचा अवमान न करणे हे तर त्याच्याही आधी आहे. विशाखेची कथा आपण जाणता. तिच्या महालता अलंकाराची कीर्ती सर्वत्र होती. तो अलंकार तिने कोणाच्या दटावणीने उतरविला नाही. त्याच्या मोलातून श्रावस्तीचा पूर्वाराम उभा राहिला, तो तिच्या स्वतःच्या निर्णयाने. तेव्हा धम्माचे नाव घेऊन मुलीच्या हातातील काजळाची डबी हिसकावून घेणाऱ्याने आधी धम्म नीट समजून घ्यावा.

दुसरा प्रश्न आपल्या इतिहासाचा. कोणी काय नेसावे आणि अंगावर काय घालावे, हे ठरविण्याचा अधिकार आपल्या पूर्वजांना नव्हता. १९२८ सालच्या आरंभी इंदूर भागातील पंधरा-वीस गावांच्या सवर्णांनी बलाई समाजावर ज्या अटी लादल्या, त्यांची नोंद बाबासाहेबांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या 'जातिभेद निर्मूलना'च्या भाषणात आहे. बलाई स्त्रियांनी सोन्या-चांदीचे दागिने घालू नयेत, चांगली वस्त्रे नेसू नयेत, ही त्यांतीलच एक अट होती. स्त्रीचे अंग उघडे-बोडके ठेवूनही तिची जात तिला रोज स्मरून द्यावयाची, हा त्यामागील हेतू.

आता ह्याची दुसरी बाजू पाहा. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांस मुद्दाम उपदेश केला. गळ्यांत आणि हातांत कोपरापर्यंत भरलेले ते जड, हलक्या धातूंचे दागिने टाकून द्या, कारण तुमची जात त्यांवरून दुरून ओळखू येते, लुगडे नेसण्याची पद्धत बदला, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा, असा त्या उपदेशाचा आशय होता. अनेक भगिनींनी लगेच दुसऱ्या दिवशी नेसण्याची पद्धत बदलली.

एका ठिकाणी दागिने घालण्यास बंदी, तर दुसऱ्या ठिकाणी दागिने टाकण्याचा उपदेश. वरवर पाहता ह्या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतील. परंतु तशा त्या नाहीत. बलाई स्त्रीच्या अंगावरील दागिना दुसऱ्याने हुकमाने उतरविला. महाडच्या भगिनीने तो स्वतः विचार करून उतरविला. पहिल्यात गुलामी आहे, दुसऱ्यात मुक्ती आहे. आपल्या मुलींच्या शृंगाराचे माप ह्याच कसोटीने घेतले पाहिजे. ती रंग लावते की नाही, हा प्रश्न दुय्यम आहे. ती तो हौसेने लावते की स्वतःच्या चेहऱ्याची लाज वाटून लावते, हा खरा प्रश्न होय.

हौसेचे भय आम्हांस वाटत नाही. लाजेचे मात्र वाटते. मुलगी पाहावयास आलेली मंडळी चहा पिता पिता मुलीचा वर्ण न्याहाळतात. "शिकलेली आहे, पण रंगाने डावी" असा शेरा मारून निघून जातात. आणि त्या दिवसापासून ती पोर आरशाची वैरीण होते. दुःखाची गोष्ट ही की, अशी मंडळी आपल्याही समाजात आहेत. ज्यांनी जन्मावरून माणसाची किंमत करणारा धर्म सोडला, त्यांनी कातडीवरून मुलीची किंमत करावी, याहून मोठी विसंगती ती कोणती? १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली' ह्या मलमाचे नाव २०२० साली बदलून 'ग्लो अँड लव्हली' झाले. डबीवरील नाव बदलले. स्थळ पाहणाऱ्यांचे मन अद्याप बदलावयाचे आहे.

ही लाज केवळ मनाला नव्हे, शरीरालाही पोखरते. गोरेपणाच्या काही बनावट वा बेकायदा मलमांत पारा असतो. कातडीत काळा रंग तयार होण्याची क्रिया पारा अडवितो, म्हणून चेहरा काही दिवस उजळ दिसतो. परंतु तोच पारा कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडे निकामी करू लागतो. पायांवर सूज आणि लघवीला फेस ही त्याची लक्षणे होत. आपल्या शेजारच्या अकोल्यात एकाच घरातील तीन स्त्रियांना असल्या मलमाने मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे वृत्त २०२३ साली प्रसिद्ध झाले, हे अनेकांच्या स्मरणात असेल. दुसरा प्रकार स्टेरॉइडच्या मलमांचा. त्यांनी पहिले काही आठवडे चेहरा तुकतुकीत दिसतो. मग कातडी पातळ होते, लाल पडते, मुरुमे उठतात, चेहऱ्यावर लव वाढते, आणि मलम बंद करताच आग होऊ लागते. २०१८ साली केंद्र सरकारने अशा अनेक मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून होऊ नये असे ठरविले. तरी ती मैत्रिणीच्या सांगण्यावरून अजूनही आणली जातात. मातांनो, मुलीच्या ओठांचा रंग पाहून ओरडण्याआधी तिच्या उशाखालची ती बिननावाची डबी शोधा. धोका तेथे आहे.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याने तर रूपाविषयीच्या ह्या भीतीचे मोठे कठोर दर्शन घेतले आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांतून माणसांचे केस एकाएकी गळू लागले. काही दिवसांतच टकले पडली. प्रथम शाम्पूवर संशय गेला, मग पाण्यावर. पुढे २०२५ साली डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीवरून रेशनच्या गव्हातील सेलेनियमच्या अतिरेकाकडे बोट दाखविले. मुलींनी घराबाहेर पडणे सोडले, लग्ने जमेनात, असे त्या वेळच्या वृत्तांतून वाचावयास मिळाले. त्या मुलींचा अपराध कोणता? त्यांची बुद्धी केसांबरोबर गळाली होती काय? त्या दिवसांत एखाद्या मुलीने डोक्याला सुरेख रुमाल बांधला असेल, कपाळावर टिकली लावली असेल आणि कॉलेजची वाट धरली असेल, तर तिच्या त्या शृंगारास आम्ही वंदन करू. तो शृंगार धैर्याचा होता.

आता कोणी विचारील, तात्त्विक बोलणे पुष्कळ झाले; माप सांगा. आमच्या मते माप असे असावे. नित्य कॉलेजास जाताना स्वच्छ चेहरा, विंचरलेले केस, काजळ आणि वाटल्यास ओठांना फिकट रंग, एवढे पुरे आहे. ज्याला अभ्यासाचा वेळ खावा लागत नाही आणि घराच्या मीठमिरचीला हात घालावा लागत नाही, ते योग्य. लग्नकार्य, जयंती, संमेलन अशा प्रसंगी त्याहून अधिक नटण्यास काहीच हरकत नाही. तो आनंदाचा भाग आहे. रात्री निजण्यापूर्वी सर्व धुऊन टाकावे. काजळाची कांडी व ओठांचा रंग दुसरीस वापरावयास देऊ नये. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० प्रमाणे वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि कोणत्या तारखेपर्यंत वापरावे हे छापलेले असले पाहिजे. ते नसेल तर बाजारात ती वस्तू कितीही स्वस्त मिळो, घरात आणू नये. उधारीवर शृंगार करू नये. आणि कातडीचा मूळ रंग बदलण्याचे वचन देणारी कोणतीही वस्तू घेऊ नये. कारण जेथे बदलण्यासारखे काही वाईट नाही, तेथे औषध कसले?

हे माप मुलींनाच लावू नका. मुलगा केसांना रंग लावतो, दाढी कोरून घेतो, त्यासाठी पैसे मागतो. त्यास आपण "तरुण आहे, चालायचेच" म्हणतो. बहिणीने टिकली बदलली की घर डोक्यावर घेतो. ह्याच बुलढाण्याच्या कन्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून ह्या दुटप्पी न्यायाचा जाब विचारला, आणि जोतिराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्या गोष्टीला जवळजवळ दीडशे वर्षे होत आली. त्यांच्याच जिल्ह्यात तोच जाब आज पुन्हा विचारावा लागावा, ही भूषणाची गोष्ट नव्हे.

तद्वतच दुसरी एक घातक समजूत टाकून द्या. एस.टी. स्टँडवर कोणा टवाळाने मुलीची छेड काढली, तर घरी तिलाच विचारले जाते, "तू नटून का गेलीस?" साध्या पोलक्यातल्या, मातीने माखलेल्या, शेतात निंदण करणाऱ्या आपल्या आया-बहिणींची छेड ज्यांनी काढली, त्यांनी काय त्यांचा शृंगार पाहिला होता? अपराध पाहणाऱ्याचा आहे. त्याची शिक्षा मुलीचे कॉलेज बंद करून तिला देऊ नका.

आणि पित्यांना आमचे सांगणे एवढेच. मुलगी नटू लागली याचा अर्थ ती लग्नाला आली असा नाही. ती वयात येत आहे आणि स्वतःकडे पाहू लागली आहे, एवढाच त्याचा अर्थ. २० जुलै १९४२ रोजी नागपुरास भरलेल्या दलित महिला परिषदेत हजारो स्त्रियांसमोर बाबासाहेबांनी सांगितले की, मुलांची लग्ने करण्याची घाई करू नका, त्यांना शिक्षण द्या, त्यांच्या मनातून न्यूनगंड काढून टाका. अठरा वर्षांपूर्वी लग्न हा तर कायद्यानेच गुन्हा आहे. परंतु अठरा पूर्ण होताच ते उरकलेच पाहिजे, असे कोणत्याही कायद्याने सांगितलेले नाही.

म्हणून भगिनींनो, पुढच्या वेळी तुमची लेक आरशापुढे उभी राहील, तेव्हा तिच्यावर ओरडण्याऐवजी क्षणभर तिच्या शेजारी उभ्या राहा. काजळ अधिक झाले असेल तर पदराच्या टोकाने पुसून द्या. "रंग कमी कर" हे सांगण्याचा अधिकार तुम्हांस आहे; पण त्याआधी, "तू जशी आहेस तशी आम्हांला पसंत आहेस," हे तिला तुमच्या तोंडून ऐकू आले पाहिजे. ते ज्या घरात ऐकू येते, त्या घरातील मुलीला किती रंग लावावा हे सहसा सांगावे लागत नाही. तिला वेळेवर एस.टी. पकडून कॉलेजास जावयाचे असते, आणि तेवढी घाई तिला पुरेशी असते.