नेमबाजी, अपंगत्व आणि आपले गट ऑफिस



या पानावर एरवी आम्ही बेणेप्रक्रिया, खोडवा आणि हुमणी यांवर लिहितो. या वेळचा विषय बंदुकीचा आहे. काहीजण हसतील. हसू द्यात, पण शेवटपर्यंत वाचावे ही विनंती.

खोडव्याच्या पाहणीसाठी आम्ही एका सभासदांच्या वस्तीवर गेलो होतो. पडवीत त्यांचा मुलगा चाकाच्या खुर्चीत बसलेला. वय वीस-बावीस. उसाच्या ट्रॉलीवरून पडला आणि कमरेखालचं अंग गेलं. आम्ही चहा घेतला, वडिलांशी नांग्या भरण्याचं बोललो आणि निघालो. पोरगा पाच फुटांवर होता, त्याला एक शब्द विचारला नाही. दुसऱ्या खेपेस त्यानंच विचारलं, "साहेब, अवनी लेखराची मॅच बघितली का?" नाही म्हणालो. मग त्यानं मोबाईलवर दाखवली, आणि आमचा तासभर तिथंच गेला.

अवनी लेखरा ही जयपूरची मुलगी. २०१२ साली मोटार अपघातात मणक्याला मार बसला, तेव्हा ती शाळेत होती. टोकियोची २०२० ची पॅरालिम्पिक स्पर्धा २०२१ साली झाली. तिथे तिने दहा मीटर एअर रायफलमध्ये सुवर्णपदक घेतले आणि ५० मीटर रायफलमध्ये कांस्य. २०२४ ला पॅरिसमध्ये दहा मीटरचे सुवर्ण पुन्हा तिचेच, गुण २४९.७. त्याच फेरीत मोना अग्रवाल तिसऱ्या आल्या. लहानपणी पोलिओ झालेली, दोन लेकरांची आई.

आता २४९.७ म्हणजे काय, ते उसाच्या माणसाला समजेल असे सांगतो. अंतिम फेरीत २४ गोळ्या. एका गोळीला जास्तीत जास्त १०.९ गुण. म्हणजे सरासरी १०.४ पडली. दहा गुणांचे वर्तुळ किती मोठे? अर्धा मिलिमीटर. बॉलपेनने कागदावर टिंब द्यावे तेवढे, आणि तेही दहा मीटरवरून. गोळी साडेचार मिलिमीटरची असते आणि ती दाबलेल्या हवेने सुटते, दारूगोळ्याचा संबंध नाही. या प्रकाराला 'उभ्याने' असे नाव असले तरी अवनीसारखे खेळाडू खुर्चीत बसूनच नेम धरतात. कोपर मात्र टेबलावर टेकवायचे नाही.

ज्यांना बंदुकीचे वजन हातांनी पेलते त्यांचा गट एसएच-१. ज्यांना पेलत नाही त्यांचा एसएच-२; त्यांच्या बंदुकीला स्प्रिंगचा आधार देतात, नेम ज्याचा त्यानेच धरायचा. दृष्टी नसलेल्यांचीही नेमबाजी असते. कानाला हेडफोन लावतात, आणि नळी मध्याजवळ जाईल तसा आवाजाचा सूर चढत जातो. पॅरिसमध्ये हा प्रकार नव्हता, पण खेळ आहे. मनीष नरवालचा उजवा हात जन्मतः अधू; डाव्या हाताने पिस्तूल धरून त्याने टोकियोत ५० मीटरचे सुवर्ण जिंकले. कडबाकुट्टीत हात गेलेली माणसं आपल्या कार्यक्षेत्रात किती आहेत, हे आम्हाला रोज फिरताना दिसते.

हे सगळे लांबचे, असे कोणी म्हणू नये. कोल्हापूरचे स्वरूप उन्हाळकर टोकियोत दहा मीटर रायफलमध्ये चौथे आले, पदक थोडक्यात हुकले. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला पोहण्याचे सुवर्ण घेऊन आले. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली. मध्ये सेहेचाळीस वर्षे! सिनेमा निघाल्यावर पोरांना नाव कळलं. आपण ऊसवाल्यांनी तरी त्यांना आधी ओळखायला हवं होतं.

कुस्तीला आमचा विरोध नाही, आम्हीही तालमीची माती खाल्लेली आहे. पण तालमीत चाकाची खुर्ची जात नाही. म्हणून आमचे म्हणणे असे, की खताच्या जुन्या गोडाऊनचा एक भाग दहा मीटरच्या रेंजसाठी द्यावा. गोडाऊन लांबीला पुरते आणि जमीन सपाट आहे. स्पर्धेची रायफल लाखांच्या घरात जाते, हे खरे. ती एकाच्या नावावर न घेता कारखान्याच्या नावावर घ्यावी आणि कुलपात ठेवावी. शिकवणारा जाणता हवा, पोलीस ठाण्याची माहिती आणि नियम आधी पाहावेत. यातून पदक येईलच असे आम्ही लिहून देणार नाही. लागणीला एकरी शंभर टनाची हमी तरी कोण देतो?

"हे कारखान्याचं काम आहे का?" असे एका संचालकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. ट्रॉली आपली, ऊस आपला, पोरगाही सभासदाचा. आम्हाला एवढेच उत्तर सुचले.

एक गोष्ट मात्र रेंजच्याही आधी व्हावी, आणि यात दोष आमचाच आहे. आमच्या गट ऑफिसला पाच पायऱ्या आहेत. इतकी वर्षे आम्ही त्या चढलो-उतरलो, कधी मोजल्या नव्हत्या. एक अपंग सभासद ऊस नोंदीला पुतण्याला पाठवतात. आम्हाला वाटायचे, त्यांना नोंदीत रस नाही. परवा विचारले तेव्हा म्हणाले, "पायऱ्या आहेत की साहेब." वार्षिक सभेच्या मंडपातही तीच तऱ्हा. शेअर्स आहेत, मत आहे, पण आत जायला वाट नाही. सिमेंटचा उतार बांधायला दोन दिवस पुरतात. गाळप सुरू होण्याआधी तो व्हावा म्हणून आम्ही कार्यालयात लेखी टिपण दिले आहे.

रेंजचा ठराव आम्हाला मांडता येत नाही, आम्ही पडलो नोकर. तो सभासदानेच मांडायचा असतो. त्या मुलाच्या वडिलांनी अनुमोदक म्हणून सही करायचे कबूल केले आहे. सूचक अजून हवा आहे. ज्यांची तयारी असेल त्यांनी सभेचे विषय ठरण्याआधी गट ऑफिसला यावे, किंवा निरोप धाडावा. आम्ही वस्तीवर येऊ.

— ऊस विकास अधिकारी