विश्लेषण : वादात सापडलेला कलाकार लोकांचा विश्वास पुन्हा कसा मिळवतो?

गणेशोत्सव, नवरात्र, सोयाबीन घरात आल्यानंतरच्या जत्रा, एप्रिलमधली भीमजयंती. वाशिम जिल्ह्यातल्या सहाही तालुक्यांत वर्षभर कुठे ना कुठे मंच उभा राहतो. कुठे ऑर्केस्ट्रा, कुठे कव्वालीचा मुकाबला, कुठे कीर्तन, तर कुठे डीजेवरचा नाच. मग मंडळाच्या बैठकीत एक प्रश्न निघतो. अमुक कलाकार गर्दी खेचतो, पण त्याच्यावरून मोठा वाद झाला होता. त्याला सुपारी द्यायची का?

हा प्रश्न एका मंडळापुरता नाही. कलाकाराची एक चूक आज काही मिनिटांत लाखो मोबाइलवर पोहोचते आणि वर्षानुवर्षे तिथेच राहते. अशा वेळी गमावलेली जनभावना परत मिळते का? मिळते, पण ती माफीच्या एका व्हिडिओने मिळत नाही आणि गर्दीने तर मुळीच नाही.

गर्दी आणि सद्भावना एकच का?

नाही. गायक हनी सिंगचे उदाहरण विदर्भाला जवळचे आहे. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीतल्या सामूहिक अत्याचाराच्या घटनेनंतर स्त्रियांविषयीच्या हिंसक, अश्लील गाण्यांवर देशभर संताप उसळला आणि गुरुग्राममधला त्याचा नववर्षाचा कार्यक्रम रद्द झाला. सर्वाधिक टीका झालेले गाणे आपले नाहीच, असे त्याने सांगितले. नागपुरातही अश्लील गाण्यांवरून त्याच्याविरुद्ध तक्रार झाली आणि २०२२ मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून त्याला आवाजाचा नमुना देण्यासाठी पाचपावली पोलिसांपुढे यावे लागले.

मधली काही वर्षे मानसिक आजारामुळे तो मंचापासून दूर होता. त्याविषयी तो पुढे मोकळेपणाने बोलला. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच्यावरचा माहितीपट नेटफ्लिक्सवर आला, कार्यक्रम पुन्हा सुरू झाले. आजाराशी दिलेल्या झुंजीबद्दल अनेकांना सहानुभूती वाटली आणि ती योग्यच होती. पण २०२५ मध्ये त्याच्या नव्या गाण्याच्या शब्दांवरून पुन्हा पाटणा उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. म्हणजे प्रेक्षक परतले, पण मूळ आक्षेप होता तिथेच राहिला. काळ गेला की लोक विसरतात. मात्र विसरणे म्हणजे विश्वास ठेवणे नव्हे.

गौतमी पाटील प्रकरणात नेमके किती वाद होते?

रॉक गायकाभोवती शहरात जी गर्दी जमते, ती ग्रामीण महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत गौतमी पाटीलच्या कार्यक्रमांना जमली. धुळे जिल्ह्यातल्या सिंदखेड्याची ही नृत्यांगना २०२२ मध्ये समाजमाध्यमांमुळे घराघरांत पोहोचली. तिच्यावरच्या वादांना लोक सरसकट ‘गौतमीचा वाद’ म्हणतात. प्रत्यक्षात ते वेगवेगळे वाद आहेत आणि ते वेगळे केल्याशिवाय न्याय्य मत बनवता येत नाही.

पहिला वाद मंचावरच्या हावभावांचा. लावणीच्या नावाखाली अश्लीलता चालते, अशी टीका सुरेखा पुणेकर यांच्यासारख्या ज्येष्ठ लावणी कलावंतांनी केली. हा आक्षेप थेट कलाकाराच्या कामावर होता. गौतमीने जाहीर माफी मागितली आणि असे पुन्हा होणार नाही, असे सांगितले.

दुसरा वाद गर्दीच्या हुल्लडबाजीचा. सांगली जिल्ह्यातल्या बेडग गावात प्रेक्षक शाळेच्या छपरावर चढले आणि कौलांचा चुराडा झाला. याचा जाब कलाकाराआधी आयोजकांना विचारायला हवा. जागा किती, माणसे किती येणार, बॅरिकेड कुठे, स्वयंसेवक किती, हे ठरवणे त्यांचे काम.

तिसऱ्या प्रकरणात तर ती स्वतःच पीडित होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये कपडे बदलताना चोरून केलेले तिचे चित्रीकरण पसरवले गेले. राज्य महिला आयोगाने दखल घेतली, गुन्हा दाखल झाला. ‘ती तशीच नाचते, मग काय होणार’ असे म्हणणारे त्या वेळीही होते. पण मंचावरची चूक आणि मंचामागे झालेला गुन्हा यांची तुलनाच होऊ शकत नाही.

चौथा वाद तिने ‘पाटील’ आडनाव लावण्यावरचा. यात माफी मागण्यासारखे काहीच नव्हते.

पहिल्या वादात कलाकाराने उत्तर द्यायचे, दुसऱ्यात मुख्यतः आयोजकाने, तिसऱ्यात गुन्हेगाराने आणि चौथ्यात आक्षेप घेणाऱ्याने. सगळे एकाच गाठोड्यात बांधले, की खरी चूक झाकली जाते आणि नसलेली चूक माथी मारली जाते.

माफी कशी असावी?

गायक सोनू निगमचे २०२५ मधले प्रकरण यासाठी पाहण्यासारखे आहे. २५ एप्रिलला बेंगळुरूतल्या एका महाविद्यालयातील कार्यक्रमात एका तरुणाने कन्नड गाण्याचा आग्रह धरला. पहलगाममधल्या दहशतवादी हल्ल्याला तेव्हा जेमतेम तीन दिवस झाले होते. चिडलेल्या सोनूने त्या आग्रहाचा संबंध त्या हल्ल्याशी जोडला. कन्नड संघटना संतापल्या, गुन्हा दाखल झाला.

त्याने आधी स्पष्टीकरण दिले. काही मुले धमकावत होती आणि सगळ्या कन्नडिगांविषयी आपण बोललो नव्हतो, असा त्याचा मुद्दा होता. त्याने राग शमला नाही. कर्नाटक चित्रपट वाणिज्य मंडळाने त्याच्याशी असहकार जाहीर केला. त्यानंतर ५ मे रोजी त्याने कर्नाटकाची थेट माफी मागितली. अहंकारापेक्षा तुमच्यावरचे प्रेम मोठे आहे, अशा आशयाची. पुढे उच्च न्यायालयाने, तपासाला सहकार्य करण्याच्या अटीवर, त्याच्यावर कठोर कारवाई करू नये असे सांगितले.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, स्पष्टीकरण आणि माफी यांचा क्रम चुकला की दोन्ही वाया जातात. समोरचा दुखावलेला असताना ‘माझे म्हणणे असे होते’ हे वाक्य त्याला ‘तुझेच चुकले’ असे ऐकू येते. दुसरी, हिशेब चुकता होण्याआधीच उशीर झाला की त्यावर व्याज चढते. १० दिवसांनी आलेली माफी मनापासूनची असली, तरी लोक ती बहिष्काराच्या भीतीशी जोडतात.

आपल्याकडे सर्वाधिक वापरले जाणारे वाक्य आहे, ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी व्यक्त करतो’. यातला ‘असतील तर’ सगळी माफी गिळून टाकतो. भावना दुखावल्या की नाहीत, याचीच शंका त्यात आहे. खऱ्या माफीत चार गोष्टी असतात : काय चुकले, कुणाचे नुकसान झाले, त्याची जबाबदारी माझी आणि पुढे मी काय बदलणार. शेवटची गोष्ट नसेल, तर बाकीच्या तीन केवळ शब्द उरतात.

माफीनंतर विश्वास कशाने परततो?

कामाने. बीटल्सच्या जॉन लेननची गोष्ट रॉक संगीताच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. मार्च १९६६ मध्ये लंडनच्या एका दैनिकातील मुलाखतीत, बीटल्स आता येशूपेक्षा लोकप्रिय आहेत, असे तो बोलून गेला. ब्रिटनमध्ये फारसे कुणी लक्ष दिले नाही. काही महिन्यांनी तेवढेच वाक्य अमेरिकेतल्या एका मासिकाने उचलले आणि दक्षिणेकडच्या राज्यांत तबकड्यांच्या होळ्या पेटल्या, रेडिओ केंद्रांनी गाणी थांबवली. आजच्या कापलेल्या रीलचे हे जुने रूप. ११ ऑगस्टला शिकागोत पत्रकारांसमोर त्याने बोलण्यामागचा अर्थ सांगितला आणि माफीही मागितली. दौरा कसाबसा संपला आणि त्यानंतर बीटल्सनी जाहीर दौरेच बंद केले. पण पुढच्याच वर्षी आलेल्या संगीताने त्यांना पुन्हा शिखरावर नेले. व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने त्या वाक्याकडे उदारपणे पाहिले, ते मात्र २००८ मध्ये, लेननच्या मृत्यूनंतर २८ वर्षांनी.

महाराष्ट्रात एका अख्ख्या कलेने हा प्रवास केला आहे. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांच्या सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आणली. (वाशिम तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होते.) फडांवर उपासमारीची वेळ आली. कलावंतांनी दाद मागितली, दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणेसाठी समिती नेमली गेली आणि बंदी उठली. पुढे त्याच मुशीतून लोकनाट्य घडले. वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ दादा कोंडके यांच्यासह गाजले आणि तमाशाकडे नाक मुरडणारा मध्यमवर्गही तिकीट काढून रांगेत उभा राहिला. बंदीने तमाशा बदलला नाही; चांगल्या संहितेने लोकांचे मन बदलले.

प्रत्येक वादात माफी मागायलाच हवी का?

नाही, आणि हे ठासून सांगायला हवे. ३ ऑक्टोबर १९९२ रोजी आयरिश गायिका शिनेड ओकॉनर हिने अमेरिकी टीव्हीवर पोपचे छायाचित्र फाडले. चर्चमधल्या बालकांच्या शोषणाविरुद्धचा तो निषेध होता. दोन आठवड्यांत न्यूयॉर्कमधल्या मंचावर लोकांनी तिची हुर्यो उडवली. तिने माफी मागितली नाही. २००२ मध्ये बोस्टनमधल्या एका दैनिकाने चर्चमधील शोषणाची प्रकरणे पुराव्यांसह उघड केली. २०२३ मध्ये तिचे निधन झाले, तेव्हा जग तिची आठवण काढत होते ती हिंमतीसाठी.

महाराष्ट्रातही एप्रिल २०२३ मध्ये सत्तांतरावर बोचरे रॅप गाणाऱ्या राज मुंगसे या तरुणावर गुन्हा दाखल झाला. त्याचे शब्द कुणाला आवडोत वा न आवडोत, सत्तेवर टीका करणे आणि दुबळ्याचा अपमान करणे यांत फरक आहे. शाहिरी परंपरेच्या या राज्याला तो समजावून सांगावा लागू नये. शब्दांचा मार कुणाला बसला, बलवानाला की दुर्बलाला, ही वाद तपासण्याची पहिली कसोटी.

कायदा काय सांगतो?

सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल अशी अश्लील कृती करणे वा अश्लील गाणे म्हणणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ खाली गुन्हा आहे. त्यासाठी ३ महिन्यांपर्यंत कैद, १ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकाला बंदी आहे. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. मात्र कायदा शिक्षा देतो, सद्भावना देत नाही. न्यायालयातून निर्दोष सुटलेला कलाकारही लोकांच्या मनात दोषी राहू शकतो आणि उलटही घडते.

वाशिममधल्या आयोजकांनी काय पाहावे?

मुद्दा कुणावर कायमची बंदी घालण्याचा नाही. कलाकारामागे ढोलकीवाला, कीबोर्डवाला, गाडीचा चालक, मंडपवाला अशी अनेक घरे जगतात. ‘गर्दी येते ना, मग झाले’ हेही उत्तर नाही. सुपारी देण्याआधी मंडळाने चार गोष्टी ठरवून घ्याव्यात.

• वाद नेमका कशाचा होता? कामाचा, वक्तव्याचा, गर्दीचा की कलाकारावरच झालेल्या अन्यायाचा?

• त्यानंतरचे कार्यक्रम बदलले का? जुनी रील नव्हे, अलीकडचा पूर्ण कार्यक्रम पाहावा.

• गाण्यांची यादी, वेळ आणि अटी लेखी ठरल्या आहेत का? ऐनवेळी पुढाऱ्याच्या फर्माईशीवर ‘ते’ गाणे वाजणार असेल, तर दोष एकट्या कलाकाराचा नाही.

• बायाबापड्या, लेकीबाळी निर्धास्त बसू शकतील आणि उठून घरी जाऊ शकतील, अशी व्यवस्था आहे का?

चौथा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. पोहरादेवीच्या यात्रेत किंवा मंगरुळपीरच्या दर्ग्याच्या उरुसात कुटुंबेच्या कुटुंबे येतात. तांड्यावरच्या होळीत लेंगी गाताना बायामाणसे, म्हातारेकोतारे एकत्र असतात. करमणूक सगळ्यांची असते, ही इथली रीतच आहे. ज्या मंचासमोरून बाया उठून जातात, तिथे टाळ्या कितीही पडल्या तरी त्या अर्ध्या गावाच्याच असतात.

आपला वाटा किती?

बराच. १५ सेकंदांची चित्रफीत पाहून आपण कलाकाराला सुळावर चढवतो आणि दुसऱ्या रीलवर त्याच्याच गाण्यावर ठेका धरतो. दोन्ही वेळा अंगठा आपलाच असतो. पुढे पाठवण्याआधी पूर्ण चित्रफीत पाहणे, चोरून केलेले चित्रीकरण आपल्या ग्रुपवर येताच थांबवणे आणि ज्याने खरोखर बदल केला त्याला बदलल्याचे श्रेय देणे, एवढे तर आपल्या हातात आहे.

चुकलेल्याला परतीची वाट नसेल, तर सुधारण्याची गरजच कुणाला वाटणार नाही. मात्र त्या वाटेवरचे दार दुखावलेल्या माणसाने उघडायचे असते. चाहत्यांनी ते ढकलून उघडायचे नसते आणि मंडळाने पैसे मोजून विकत घ्यायचे नसते. कलाकाराने दारात उभे राहून आपले काम दाखवत राहावे. लोक पाहत असतात, आणि वेळ लागला तरी न्याय करतात.