स्पर्धा कमी, पण कुणाची?

रत्नागिरीचा एखादा आंबा बागायतदार मुलाच्या आग्रहाखातर वेबसाइट काढतो. गूगलवर कुणी हापूस शोधला तर आपली बाग दिसावी, एवढंच त्याचं मागणं. मग कुणीतरी त्याला एक एक्सेल शीट पाठवतं. डाव्या रकान्यात कीवर्ड, म्हणजे लोक गूगलवर टाकतात ते शब्द, उजव्या रकान्यात ‘कॉम्पिटिशन : लो’. बागायतदार खूश होतो, पैसे मोजून वीस लेख लिहून घेतो. हंगाम सरेपर्यंत वेबसाइटवर फिरकते ती घरचीच मंडळी.

गोम त्या उजव्या रकान्यात आहे.

गूगलच्या कीवर्ड प्लॅनरमधलं ‘लो’, ‘मीडियम’, ‘हाय’ हे जाहिरातदारांबद्दल असतं. त्या शब्दावर जाहिरात लावायला किती जण बोली लावतात, एवढंच त्यातून कळतं. 2013 साली आलेलं हे साधन मुळात जाहिरातदारांसाठीच बनलंय. जाहिरात न देता वर येणं किती अवघड, हे ते सांगत नाही. ‘हापूस आंब्याची माहिती’ या शब्दांवर बोली लावून कुणाला काय विकायचंय? म्हणून तिथे ‘लो’. पण त्याच शब्दांच्या पहिल्या पानावर विकिपीडिया आणि मोठ्या वृत्तपत्रांच्या साइट ठाण मांडून बसल्या असतील, तर बागायतदाराच्या लेखाला तिथे पाय ठेवायलाही जागा नाही. शीट पाठवणाऱ्यांपैकी अनेकांना हा फरक ठाऊक नसतो. ज्यांना ठाऊक असतो ते सांगत नाहीत, आणि ते अधिक वाईट.

विकतची साधनं थोडी बरी. एचरेफ्स प्रत्येक कीवर्डला 0 ते 100 असा ‘डिफिकल्टी’चा आकडा देतं, पहिल्या दहा निकालांना किती वेगवेगळ्या साइटनी लिंक दिल्यात, यावर तो ठरतो. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी 1998 मध्ये लिंक म्हणजे एक प्रकारचं मत मानून गूगल उभं केलं, त्याचाच हा वारसा. पण तो आकडा गूगलचा नव्हे. मॉझ या दुसऱ्या साधनाचा ‘डोमेन ऑथॉरिटी’ हा साइटच्या वजनाचा आकडाही गूगल वापरत नाही. एकाच कीवर्डला दोन साधनं दोन वेगळे आकडे देतात ते त्यामुळेच. शिवाय मराठी साइट एकमेकींना लिंक देण्यात भारी कंजूष! साहजिकच मराठी कीवर्डचा आकडा बहुधा खालीच राहतो आणि सगळं रान मोकळं असल्याचा भास होतो.

खरी स्पर्धा पाहायला फुकटची एक खिडकी पुरते. ब्राउझरची इनकॉग्निटो विंडो उघडावी, कीवर्ड टाकावा आणि पहिल्या पानावर कोण बसलंय ते वाचावं. वाशीच्या मार्केटमध्ये गाळा घेणारा माणूस आधी आजूबाजूचे गाळे पाहतोच ना? निकाल किती लाख आहेत याला महत्त्व नाही. तो आकडा गूगलचाच अंदाज असतो आणि गाठ पडते ती पहिल्या दहांशी. त्या दहांत दुकानं आहेत की माहितीचे लेख? नुसतं ‘हापूस’ शोधणाऱ्याला फळ हवंय, भाव हवाय की 2010 सालचा त्याच नावाचा मराठी चित्रपट, हे गूगललाही ओळखावं लागतं. जिथे सगळे लेखच दिसतात, तिथे विक्रीचं पान चढवण्याचा हट्ट फुकट जातो. वर जाहिराती, नकाशा आणि ऑगस्ट 2024 पासून भारतात दिसू लागलेला एआयचा सारांश असेल, तर पहिला नंबर मिळूनही वाचकाला तिथवर बोटाने पान सरकवत यावं लागतं.

उलट एखाद्या शब्दावर तीन वर्षांपूर्वीची अर्धवट पोस्ट, एखादं प्रश्नोत्तरांचं पान आणि विषयाशी जेमतेम नातं असलेले निकाल दिसले, तर ती जागा खरोखर रिकामी आहे. मग साधनाने आकडा काहीही दाखवो.

अशा जागा मराठीत बऱ्याच निघतात, कारण आपण शोधतोच नाना तऱ्हांनी. मुलुंडची गृहिणी ‘हापूस’ लिहिते, कुणी ‘हापुस’, कुणी रोमन लिपीत. न्यू जर्सीतला तिचा भाचा मात्र ‘अफोन्सो’ या पोर्तुगीज नावावरून आलेलं ‘अल्फान्सो’ हे नाव टाकतो. फळ एकच, पण पहिली पानं वेगळी. ‘रत्नागिरी हापूस पाच डझनाची पेटी पुणे घरपोच’ असं कुणी शोधलं, तर साधन त्यापुढे शोधांची संख्या शून्य दाखवण्याची शक्यता मोठी. त्या शून्याला घाबरू नये. रोज होणाऱ्या शोधांपैकी सुमारे 15 टक्के शोध आधी कधीच झालेले नसतात, असं गूगलच सांगत आलंय. आणि इतकं लांबलचक लिहिणारा माणूस बहुतेक पैसे हातात घेऊनच बसलेला असतो.

तेव्हा शीट पाठवणाऱ्याकडून बागायतदाराने प्रत्येक कीवर्डच्या पहिल्या दहा निकालांची नावं मागावीत आणि त्यांतल्या कुणाला, कशाच्या जोरावर मागे टाकणार, हे लिहून घ्यावं. अशा कामाचं फळ दिसायला चार महिने ते वर्ष लागतं, असं गूगलचंच म्हणणं आहे. हापूसची आवक मार्चमध्ये वाढते. म्हणजे पान दिवाळीआधी तयार हवं.