उधारीचे छत

जाफराबाद तालुक्यात पीओपीवर हात बसलेला मिस्त्री फार दिवस गावातल्या बंगल्यांवर थांबत नाही. जालन्यातले एखादे रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरची शोरूम, शेंद्र्याकडचे कार्यालय अशी जिप्सम पार्टिशनची आणि फॉल्स सीलिंगची कामे त्याला खुणावतात. ती मिळतात मुख्य कंत्राटदाराकडून, म्हणजे पेटीवर. आकडा मोठा असतो, चार लोकांत सांगण्यासारखा असतो. पण इथेच मिस्त्री नकळत सावकार होतो, आणि व्याज मात्र घेत नाही, देतो.

सरकारी निविदांतली ‘बिलो’ भरण्याची सवय आता खासगी कामांतही मुरली आहे. वरच्याने काम घेताना दर पाडलेला असतो. तो खड्डा त्याला खालच्याकडूनच भरून घ्यायचा असतो. म्हणून पेटीवाल्याला चौरस फुटाचा एकच दर विचारला जातो आणि तोही उभ्या उभ्या. त्या एका दरात काय काय दडले आहे, हे काम संपल्यावर कळते. पार्टिशनला दोन्ही बाजूंनी बोर्ड लागतो, मग मोजणी एका बाजूची की दोन्ही? एसीच्या जाळीची आणि दिव्यांची भोके वजा होणार का? छताची उभी पट्टी रनिंग फुटात धरायची की चौरस फुटात? रुग्णालयात ओल सोसणारा हिरवा किंवा आगरोधक गुलाबी बोर्ड मागितला, तर साध्या बोर्डाचा दर चालत नाही. टीव्ही टांगायला आतून प्लाय, बारा फुटांवर गेले की पालख, हे वेगळेच. आणि सगळे फिनिश झाल्यावर एसीवाला येतो, छत कापतो, सांध्याला तडा जातो. तो तडा कोणी भरायचा, हे कुठेच लिहिलेले नसते. भरतो मात्र पेटीवालाच.

भावाचे तेच. २०२२ मध्ये पोलादाचे भाव इतके चढले होते, की केंद्राने मे महिन्यात पोलादावर निर्यात शुल्क बसवले आणि नोव्हेंबरमध्ये ते काढले. जीआय सेक्शन पत्र्याचेच असतात. वर्षभराचा दर बांधून दिलेल्याला अशी उलथापालथ खिशातून सोसावी लागते.

तरीही माझ्या मते खरा धोका दरात नाही, वेळेत आहे. हिशेब करून पाहा. समजा काम १० लाखांचे, नफा ८० हजार. खर्चाच्या ९ लाख २० हजारांपैकी ६ लाख दरमहा शेकडा दोनने उचललेले. पैसे सहा महिने अडकले तर ७२ हजार व्याजात जातात आणि नफा उरतो ८ हजार. त्यात पाच टक्के रिटेन्शन, म्हणजे ५० हजार, वर्षभर वरच्याकडे. एक टक्का टीडीएस कापला जातो, तो निदान विवरणपत्र भरल्यावर हिशेबात येतो. जीएसटीचा काच याहून मोठा. १८ टक्क्यांचे बिल फाडले की कर पुढच्या महिन्यात भरायचा, पैसे आलेले असोत वा नसोत. मालावर दिलेल्या कराची वजावट मिळते, पोरांच्या मजुरीवर काहीच नाही.

जुलै २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात जलजीवन मिशनचे काम केलेल्या एका तरुण कंत्राटदाराने आत्महत्या केली. सुमारे १ कोटी ४० लाख थकल्याचे सांगितले गेले. सरकारी बाजूचे उत्तर असे होते, की त्याच्या नावावर कामच नाही, तो पेटी कंत्राटदार असावा. उत्तर निष्ठुर आहे, पण कागदावर बिनचूक आहे, आणि म्हणूनच जास्त भीतीदायक. पाइप टाकणारा माणूस ज्या दफ्तरात नसतोच, तिथे त्याची थकबाकीही नसते. त्याच वर्षाच्या सुरुवातीला राज्यातल्या कंत्राटदार संघटना ८९ हजार कोटींच्या थकीत बिलांचा दावा करत होत्या. वर एवढे तुंबले, तर तळाला काय पोचणार?

कायदा नाही असे नाही. २००६ चा एमएसएमईडी कायदा ४५ दिवसांत पैसे द्यायला सांगतो. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. पण माल आणि मजुरी एकत्र असलेल्या ‘वर्क्स कॉन्ट्रॅक्ट’ला तो लागू नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले आहे, आणि पेटीचे बहुतेक काम नेमके तसेच असते. काम झाल्यावर काढलेली उद्यम नोंदणी मागच्या बिलांना उपयोगी पडत नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले होते. त्यामानाने जीएसटीचा नियम जास्त कामाचा वाटतो : वरच्याने १८० दिवसांत बिल चुकवले नाही, तर त्याने घेतलेली कराची वजावट त्याला व्याजासह परत करावी लागते. त्याच्या सीएला लिहिलेले एक पत्र दहा फोनांपेक्षा लवकर हलवते.

मोठ्या नावाचाही भरवसा नको. ब्रिटनची कॅरिलियन ही अवाढव्य बांधकाम कंपनी जानेवारी २०१८ मध्ये बुडाली, तेव्हा सुमारे ३० हजार पुरवठादार आणि उपकंत्राटदारांचे पैसे तिच्याकडे अडकले होते. आणि हे त्या देशात, जिथे ‘मला मालकाकडून मिळाले की तुला देईन’ या अटीला १९९६ च्या कायद्याने बांधकाम करारांत जवळपास बंदीच घातली आहे. आपल्याकडे तसा कायदा नाही. इथे ही अट छापलेली असते किंवा तोंडी गृहीत धरलेली असते.

तेव्हा दर देण्याआधी वर्क ऑर्डर स्वतःच्या नावाने मागावी. मोजणीची पद्धत, बिलाची तारीख आणि रिटेन्शन परत मिळण्याचा दिवस तिच्यात असावा. बोर्ड आणि सेक्शन वरच्याने पुरवून फक्त मजुरी दिली, तर आकडा लहान दिसतो, पण झोप लागते. ‘आपल्यात कागद कशाला’ म्हणणाऱ्याचे काम सोडलेले बरे. पोरं रिकामी बसली तरी त्यांचा आठवडा परवडतो. काम चालू असतानाच दर टप्प्याच्या मोजमापावर साइट इंजिनिअरची सही घ्यावी, कारण छत बंद झाल्यावर आतला सेक्शन मोजता येत नाही. आणि पैसे थकलेच, तर मुदतीच्या कायद्याचे भान ठेवावे : पैसे द्यायची तारीख ठरलेली नसेल, तर काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांत दावा लागतो. ‘देतो, देतो’ने ही मुदत वाढत नाही. बाकी मान्य असल्याची लेखी सही मिळाली, तर तीन वर्षे त्या तारखेपासून नव्याने मोजली जातात. मात्र सही जुनी मुदत संपण्याआधीची हवी.