अठरा वर्षे पूर्ण झाली, पुढे?

घर नसलेल्या मुलांविषयी आपल्याकडे कळवळा पुष्कळ आहे. स्टेशनवर झोपलेले आठ वर्षांचे पोर पाहिले की आपला हात खिशाकडे जातो. तेच पोर सतरा वर्षांचे झाले, मिसरूड फुटली, की आपण खिसा सांभाळू लागतो!

कायदा आपल्यापेक्षा थोडा पुढे गेला आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार सापडलेल्या निराधार मुलाला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. १०९८ या क्रमांकावर कोणालाही मदत मागता येते. ही सेवा १९९६ साली मुंबईतच सुरू झाली. परंतु अठरावे वर्ष सरले की बालगृह सुटते. पुढे २१ वर्षांपर्यंत, क्वचित २३ पर्यंत, अनुरक्षणाची सोय आहे. पण कायद्याची भाषा आर्थिक साहाय्य ‘देता येईल’ अशी आहे, ‘दिलेच पाहिजे’ अशी नाही. २०१८ साली महाराष्ट्राने अनाथांना एक टक्का आरक्षण दिले, हे चांगलेच झाले. पण दारुड्या बापाच्या मारामुळे पळालेला मुलगा कागदोपत्री अनाथ कसा ठरणार?

माझे आईवडील शाळेची पायरी चढलेले नाहीत. तरीही मी नापास झाले तर गावी माझ्या वाटची भाकरी आहे. त्या भाकरीच्या भरवशावर मी एकोणिसाव्या वर्षी निर्धास्तपणे शिकते आहे. जिच्यामागे तेवढेही नाही, तिला मात्र आपण ‘स्वतःच्या पायावर उभी राहा’ म्हणतो. मित्रहो, आपल्यापैकी किती जण अठराव्या वर्षी स्वतःच्या पायावर उभे होते?

१९२४ साली मुंबई इलाख्यात मुलांसाठी कायदा झाला, आणि त्याच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. नुसते छप्पर पुरत नाही, त्याबरोबर शिक्षण आणि कष्टाचे काम हवे, हे त्यांनी ओळखले होते.

महाविद्यालयाला हे अशक्य नाही. वसतिगृहात दोन जागा बालगृहातून आलेल्यांसाठी राखाव्यात. ‘कमवा व शिका’ योजनेत त्यांची नावे आधी घ्यावीत. दाखल्यांसाठी कचेरीत खेटे घालायला राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांनी सोबत जावे. प्रवेश-अर्जावरील ‘पालकाची सही’ या रकान्यात एखाद्या प्राध्यापकांनी सही करावी. आणि दिवाळीत व मे महिन्यात वसतिगृहाला कुलूप लागते, तेव्हा निदान एक खोली उघडी ठेवावी. सुट्टीत सगळेच घरी जातात, असे आपण गृहीत धरतो. काहींना जायला घरच नसते.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला