दाढीनंतरची आग

दाढी केल्यावर गालांची आग होणे, मानेवर लाल पुटकुळ्या उठणे, ही तरुणांची तक्रार आहे असा आपला समज असतो. वस्तुतः साठी ओलांडलेला चेहरा वस्तऱ्यापुढे अधिक हळवा असतो. चाळीस वर्षे जे निमूटपणे सोसले, ते आताच का सोसत नाही, हे कोडे अनेक ज्येष्ठांना पडते. वस्तरा तोच, साबण तोच आणि हातही तोच. बदललेली असते ती त्वचा.

वयोमानाने त्वचा पातळ होते, तिच्यातील तैलग्रंथींचे स्रवण घटते, गालांना व गळ्याला वळ्या पडतात. त्यात आपल्या सोलापूरची हवा कोरडी. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या पुढे गेला, की नुकत्याच केलेल्या दाढीवर घाम उतरतो आणि खारट पाण्याने ओरखडे चरचरतात. पाण्याचाही दोष असतोच. नळाला रोज पाणी नसल्याने पुष्कळ घरांत बोअरचे पाणी वापरले जाते. ते जड असेल तर साबणाचा फेस नीट होत नाही आणि क्षारांसह साबणाचा पातळ थर त्वचेवर राहून जातो. दाढीला एक तांब्याभर पाणी पुरते. तेवढे तरी नळाचे, साठवलेले वापरावे.

आता मूळ मुद्दा. केस कोरडा असताना ताठ असतो. पाते त्याला कापण्याऐवजी ओढते आणि ओढताना त्वचा खरवडते. कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटे भिजलेला केस फुगतो, मऊ होतो आणि हलक्या हाताने कापला जातो. म्हणून त्वचारोगतज्ज्ञ स्नानानंतर दाढी करण्याचा सल्ला देतात. आपल्याकडे मात्र रीत उलट आहे. आधी दाढी, मग स्नान, मग देवपूजा. ऐंशी वर्षांच्या आजोबांना ही रीत मोडायला लावण्याचे काही कारण नाही. टॉवेल कोमट पाण्यात बुडवून, पिळून, तीन मिनिटे गालांवर व हनुवटीखाली ठेवावा, की काम झाले. टॉवेलची उष्णता आधी आपल्या मनगटावर पारखावी. सोलापुरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे आणि त्याचा आम्हांला अभिमानही आहे. परंतु या कामाला नवा, खरबरीत टॉवेल घेऊ नये. वर्षभर धुऊन मऊ पडलेला जुनाच उत्तम. दाढीनंतरही त्याने चेहरा घासू नये, केवळ टिपावा.

फेस लावल्यावर आणखी मिनिटभर थांबावे. वस्तरा केसांच्या दिशेनेच, दाब न देता फिरवावा. गळ्यावर केसांची दिशा बहुधा बदलते. बोट फिरवून ती आधी ओळखावी. उलटी दाढी मात्र या वयात सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. गुळगुळीत गालाच्या हट्टापायी केस त्वचेच्या पातळीखाली कापला जातो, वाढताना आतच वळतो आणि त्याची पुटकुळी होते. ती नखाने कोरू नये. दोन-तीन आठवडे दाढी थांबवून कोमट शेक दिला, तर बहुधा आपोआप निवते. शनिवारी किंवा अमावास्येला दाढी न करणारे ज्येष्ठ नकळत त्वचेला विसावाच देत असतात.

अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांची दाढी दुसऱ्याने करावयाची असेल, तर उशीला टेकवून त्यांना शक्य तितके बसते करावे आणि कवळी तोंडातच ठेवावी. कवळी काढली की गाल आत जातात व पाते खळग्यात अडकते. डाव्या हाताने त्वचा हळुवार ताणून धरावी. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या हाती साबणाचा ब्रश द्यावा. फेस लावण्याची सवय हाताला आठवते आणि चेहऱ्याकडे आलेल्या पात्याची भीतीही ओसरते. हात थरथरत असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर विजेचा ट्रिमर बरा. बारीक खुंट राहतील, राहू द्यावेत. दाढीसाठी गोळ्या मात्र परस्पर बंद करू नयेत. कापलेच, तर स्वच्छ कापड दहा मिनिटे सलग दाबून धरावे, मधेमधे उचलून पाहू नये. वीस मिनिटांनंतरही रक्त थांबले नाही तर डॉक्टरांकडे जावे.

तुरटीविषयी नेहमी विचारले जाते. तुरटीने बारीक जखमेचे रक्त थांबते, हे खरे. पण सबंध चेहऱ्यावर ती चोळल्याने कोरडी त्वचा अधिकच आक्रसते. केशकर्तनालयातील एकच खडा सर्वांच्या गालांवरून फिरत असेल तर तो नाकारावा, आणि नवे पाते आपल्या डोळ्यांदेखत लावावयास सांगावे. रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा प्रश्न आहे, येथे भीड कामाची नाही. घरातही बापलेकांनी एक वस्तरा वापरू नये. मद्यार्कयुक्त सुगंधी द्रव, लिंबू, जंतुनाशकाचे निव्वळ थेंब यांनी आग वाढते. गार पाण्याची घडी पाच मिनिटे आणि नंतर बिनसुगंधी मलई किंवा खोबरेल तेलाचे दोन थेंब, एवढे पुरे. कोरफडीचा गर काहींना सोसत नाही, म्हणून आधी कोपराच्या आतील बाजूस लावून पाहावा.

हनुवटीवर केस येणाऱ्या आजींनाही हेच लागू आहे. वस्तऱ्याने केस दाट होतात ही समजूत निराधार आहे.

औषधांच्या दुकानातून मागून आणलेल्या ‘खाजेच्या मलमा’पासून मात्र सावध राहावे. त्यांपैकी अनेकांत तीव्र स्टेरॉईड असते. दोन दिवसांत लाली जाते, म्हणून माणूस ते महिनोन्‌महिने लावतो; त्वचा कागदासारखी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि मलम सोडताच आग दुपटीने परतते. बुरशीचा संसर्ग असेल तर या मलमाने तो दबून पसरतो. अशी मलमे चिठ्ठीविना देऊ नयेत असा नियम 2018 पासून आहे, तरीही ती मिळतात.

प्रत्येक लाली दाढीचीच असते असेही नाही. चेहऱ्याच्या एकाच बाजूस ठणका, आग आणि पाठोपाठ पाणी भरलेले फोड आले, तर ती नागीण असू शकते. तिचे औषध पहिल्या 72 तासांत सुरू झाल्यास अधिक गुण येतो. फोड डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर दृष्टीला धोका असतो, त्याच दिवशी निघावे. मधुमेही व्यक्तीच्या गालावरील लाली पसरू लागली, पू किंवा ताप आला, तरीही थांबू नये. एकाच जागी वारंवार कापणारा, खपली धरणारा आणि महिना उलटूनही न भरणारा डाग तज्ज्ञांना दाखवावा, कारण त्वचेच्या कर्करोगाची सुरुवात अशीही होते. खाजगी दवाखाना परवडत नसल्यास छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयातील त्वचारोग विभागात जावे. जाताना चालू गोळ्यांची यादी आणि लावत असलेल्या मलमाची नळी, रिकामी असली तरी, सोबत न्यावी. आणि त्या सकाळी दाढी करू नये.